तार जिथे संपते आणि फायबर जिथे सुरू होतं

खानदेशातल्या जिनिंगचं आवार एकदा डोळ्यासमोर आणा. रस्त्याला लागून गेट, गेटाला लागून वजनकाटा, काट्याशेजारी छोटी केबिन. तिथून आत कापसाच्या गंज्यांचं पटांगण. आगीची धास्ती असते, म्हणून दोन गंज्यांमध्ये जागा सोडावीच लागते आणि पटांगण लांबत जातं. मग जिनिंगचा हॉल, प्रेस, सरकीचं गोदाम आणि सगळ्यात मागे हाफिस. काट्यापासून हाफिसापर्यंत अडीचशे-तीनशे मीटर सहज भरतात. लॅनच्या, म्हणजे आवारातल्या संगणकांच्या जाळ्याच्या, तांब्याच्या तारेची नियमातली हद्द १०० मीटर आहे. त्यातही भिंतीतली पक्की तार ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या पॅचकॉर्डला (यंत्राला जोडायच्या सुट्या तारांना) मिळून १० मीटर, असा हिशेब.

मी नेटवर्किंगची कामं करते. अमळनेरला दुकान आहे, पण दसरा झाला की दुकानात बसणं होत नाही. धरणगाव, चोपडा, एरंडोल, पारोळा अशी फिरती सुरू होते. जिनिंगवाल्यांची मागणी एकच असते: काट्यावर गाडीचं वजन झालं की आकडा हाफिसातल्या संगणकावर आला पाहिजे, शेतकऱ्याची पावती तिथेच निघाली पाहिजे. आणि बहुतेक जण पुढचं वाक्यही तेच बोलतात, "ताई, मधे खांबावर एखादी डबी टाकून द्या ना." त्या डबीबद्दलच लिहायचं आहे. तार आणि फायबर (उजेडाने संदेश नेणारा काचेचा धागा) एकमेकांना जोडणारी डबी काय करते आणि काय करत नाही, हे कळल्याशिवाय ती कुठेही ठोकू नये, असं माझं ठाम मत आहे.

या डबीचं मूळ नाव रिपीटर. लोक तिला सिग्नल वाढवायचं यंत्र समजतात. सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर वेगळा. तो सिग्नलसोबत आलेला कचराही तेवढाच मोठा करतो. रिपीटर येणाऱ्या लहरीतून आधी घड्याळाचा ठोका पकडतो, प्रत्येक बिट शून्य आहे की एक ते ठरवतो आणि पुढच्या बाजूला तोच बिट नव्याने, पूर्ण ताकदीने आणि ठोक्याला धरून सोडतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की पाचव्या प्रतीत अक्षरं पुसट होतात. रिपीटर दर वेळी पान वाचतो आणि नव्याने टाइप करून देतो. मात्र तो शुद्धलेखन तपासत नाही. मूळ पानात चूक असेल तर चूकही स्वच्छ अक्षरात पुढे जाते.

आणि वाचून नव्याने लिहायचंच आहे म्हटल्यावर येणारा कागद आणि जाणारा कागद एकाच जातीचा असायची गरज उरत नाही. एका बाजूने तांब्यातून विजेचा दाब येतो, दुसऱ्या बाजूने काचेत प्रकाश जातो. १०० एमबीपीएसला (सेकंदाला दहा कोटी बिटांच्या वेगाला) तांब्यावरचा सिग्नल तीन पातळ्यांचा असतो: वर, मधे, खाली. फायबरवर दोनच: जास्त उजेड आणि कमी उजेड. डबी हा बदल सेकंदाला कोट्यवधी वेळा करते, आणि दोन्हीकडच्या यंत्रांना मधे माध्यम बदललं याची खबरही लागत नाही.

हे काही आजचं नाही. इथरनेट म्हणजे लॅनवर यंत्रांनी एकमेकांशी बोलायची पद्धत. तिचं आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचं पहिलं प्रमाण १९८३चं. तेव्हा जाड पिवळी कोअ‍ॅक्स केबल असे, तिचा एक तुकडा जास्तीत जास्त ५०० मीटर. दोन तुकडे जोडायचे तर मधे रिपीटर. पण दोन तुकडे दोन वेगळ्या इमारतींत असतील तर? तेव्हा रिपीटरचे दोन अर्धे करून एक अर्धा या इमारतीत आणि दुसरा त्या इमारतीत ठेवायचे, मधे नुसता दुवा. त्या दुव्यासाठी १९८७ मध्ये फायबरचं प्रमाण आलं, एक किलोमीटरपर्यंतचं. त्याचं नावच 'फायबर ऑप्टिक इंटर-रिपीटर लिंक' होतं. म्हणजे इथरनेटमध्ये फायबर शिरलं ते दोन रिपीटर जोडण्यासाठी. आज आपण वापरतो तशी पिळाची तार, १०० मीटरच्या हद्दीसकट, प्रमाणात आली १९९० साली, फायबरनंतर. मला हे फार मोलाचं वाटतं. 'आधी तार, मग प्रगती झाली की फायबर' असं लोक धरून चालतात; इतिहास तसा नाही. इमारतीच्या आत तार आणि दोन इमारतींच्या मधे फायबर ही वाटणी सुरुवातीच्या काळातच झाली होती, आणि आजही तीच बरोबर आहे.

आता कुणी म्हणेल, रिपीटर प्रत्येक वेळी सिग्नल नवाकोरा करून देतो, मग दर १०० मीटरला एक लावत गेलं की अमळनेरहून चोपड्यापर्यंत जाता येईल. नाही जाता येत, आणि याचं कारण ताकद नव्हे, वेळ. जुन्या सामायिक इथरनेटमध्ये सगळी यंत्रं एकाच वाटेवर बोलतात. दोघं एकदम बोलली तर टक्कर होते, आणि टक्कर झाल्याची बातमी बोलणाऱ्याचं बोलणं संपायच्या आत त्याच्यापर्यंत परत पोचली पाहिजे. यंत्रं बिटांचे गठ्ठे करून पाठवतात, त्याला पाकीट म्हणू; सगळ्यात छोटं पाकीट ५१२ बिटांचं. १० एमबीपीएसला त्याला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात सिग्नल जाळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत आला पाहिजे. तारेचा प्रत्येक मीटर त्यातला थोडा वेळ खातो आणि प्रत्येक रिपीटर बिट वाचायला-लिहायला आणखी थोडा खातो. म्हणून नियम झाला: कुठल्याही दोन यंत्रांमध्ये जास्तीत जास्त पाच तुकडे, चार रिपीटर, आणि पाचांपैकी तीनच तुकड्यांवर यंत्रं बसवायची. उरलेले दोन नुसते दुवे, बहुधा फायबरचे. पूर्ण चार रिपीटर वापरले तर फायबरचा एकेक दुवा ५०० मीटरच्या पुढे न्यायचा नाही. तीनच वापरले तर एक हजार मीटरपर्यंत चालतो. त्याच काचेतून उजेड कितीतरी लांब जाऊ शकतो, पण हिशेबात वेळ उरत नाही.

१९९५ साली १०० एमबीपीएस आलं तेव्हा हा हिशेब दहापट आवळला. तेच ५१२ बिट आता ५.१२ मायक्रोसेकंदांत संपतात. दोनच रिपीटर, तेही जलद जातीचे, त्यांच्या मधे पाच मीटरची तार, आणि टोकापासून टोकापर्यंत तांब्याची एकूण लांबी २०५ मीटर. एका जिनिंगलाही पुरत नाही! यातून सुटका झाली ती स्विच (पूर्ण पाकीट घेऊन योग्य त्या दारानेच पुढे पाठवणारी पेटी) आणि फुल डुप्लेक्समुळे. दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलायला स्वतंत्र वाट मिळाली की टक्करच होत नाही, वेळेची ती अट गळून पडते, आणि मग अंतर ठरतं फक्त उजेड किती लांब पोचतो यावर. त्याच १०० एमबीपीएसच्या मल्टिमोड (जाड गाभ्याच्या) फायबरवर हाफ डुप्लेक्सला, म्हणजे एका वेळी एकाच बाजूने बोलायचं असेल तर, ४१२ मीटरची हद्द आहे. फुल डुप्लेक्सला दोन किलोमीटर. काच तीच, उजेड तोच.

मग आज रिपीटर कुठे राहिला? बाजारात ज्याला मीडिया कन्व्हर्टर म्हणतात, त्या तळहाताएवढ्या डबीत राहिला. एका बाजूला लॅनचं भोक, दुसऱ्या बाजूला फायबरचं, मागे पाच व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. आणि इथेच माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी गल्लत आहे, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या डब्या आतून दोन जातींच्या असतात. एक जात खऱ्या अर्थाने रिपीटर: बिट आला की बिट पुढे. साठवण नाही, तपासणी नाही, वेगात बदल नाही. दुसरी जात म्हणजे आत दोन दारांचा छोटा स्विच: पूर्ण पाकीट आत घेतो, पाकिटाच्या शेवटी जोडलेली पडताळणीची बेरीज तपासतो, बिघडलेलं पाकीट टाकून देतो, आणि दोन्ही बाजूंचे वेग वेगळे असले तरी सांभाळून घेतो.

याचं उदाहरण एका जिनिंगमध्ये समोर आलं. फोन आला तो काट्यावरच्या आबांचा, सरळ अहिराणीत: "ताई, काटावरनं वजन हाफिसमा येत नही." आदल्या दिवशी दुसऱ्या कुणी तरी फायबर टाकून दिलं होतं. गेले, तर काट्याच्या केबिनमध्ये कन्व्हर्टरचा फायबरचा दिवा हिरवागार, पॉवरचा दिवा चालू, आणि लॅनचा दिवा पूर्ण मेलेला. लॅपटॉप त्याच तारेला लावला की तो दिवा लगेच लागे, हाफिसातलं सगळं दिसे. लॅपटॉप काढून काटा लावला की अंधार. मालकांचं म्हणणं, काटाच गेला.

काटा ठणठणीत होता. काट्याचा आकडा सिरियल तारेने, म्हणजे एकामागून एक बिट सोडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या तारेने, बाहेर येतो. ती तार रूढ नियमाने १५ मीटरच्या पुढे न्यायची नसते, म्हणून केबिनमध्येच सिरियलचं इथरनेट करणारी एक छोटी पेटी होती. ती जुनी, फक्त १० एमबीपीएस बोलणारी. आणि कन्व्हर्टर पहिल्या जातीचा, फक्त १०० बोलणारा. त्याच्याकडे वेग बदलायची सोयच नाही, कारण तो पाकीट साठवत नाही. ज्या ठोक्याने बिट येतो त्याच ठोक्याने त्याला पुढे जावं लागतं. लॅपटॉप दोन्ही वेग जाणतो म्हणून तो जुळवून घ्यायचा. काट्याच्या बाजूचा कन्व्हर्टर बदलून दुसऱ्या जातीचा बसवला, लॅनचा दिवा लागला, आणि बाहेर उभ्या ट्रॅक्टरचं वजन हाफिसात उमटलं. आबांनी केबिनच्या खिडकीतून हात वर करून गाडी पुढे घ्यायला सांगितली तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती. नाशिक काय नि जळगाव काय, कुठूनही माल मागवा, दुकानदाराला आधी विचारा की आत स्विच आहे की नुसतं रूपांतर. खोक्यावर '१०/१००' असं दोन्ही लिहिलं असेल तर बहुधा स्विच असतो. नुसतं '१००' असेल तर बहुधा नसतो.

नुसतं रूपांतर करणारी जात वाईट आहे असं नाही. दोन्ही टोकांना चांगले स्विच असतील तर मधे तिसरा-चौथा स्विच कशाला? पण रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या पॅक हाऊसमध्ये मी दुसरीच जात लावते. तिथे शीतगृहाचे कॉम्प्रेसर, पंख्यांच्या मोटारी, त्यांचे वेग बदलणारे ड्राइव्ह, आणि पुष्कळदा मोटारीची केबल आणि लॅनची तार एकाच पट्टीतून नेलेली. तारेत गोंगाट शिरतो, बिट पालटतात. रिपीटर जातीची डबी पालटलेला बिट तितक्याच इमानाने फायबरवर चढवते आणि हाफिसापर्यंत नेऊन देते. मग तक्रार येते की 'फायबर खराब आहे'. काचेवर त्या मोटारीचा काडीइतका परिणाम होत नसतो. खराबी सगळी अलीकडच्या वीस मीटर तारेत असते. स्विच जातीची डबी असेल तर ती पाकिटं दारातच अडतात आणि दोष कुठल्या बाजूला आहे ते लवकर कळतं. लॅनची तार मोटारीपासून वेगळी काढणं हा खरा उपाय आहेच, तो आधी करायचा.

आता कापसाचं. सिंगल मोड फायबरमध्ये उजेड ज्या गाभ्यातून जातो तो सुमारे ९ मायक्रॉन जाडीचा. भोवतालची काच धरून १२५ मायक्रॉन. कापसाचा एक तंतू साधारण ११ ते २२ मायक्रॉन रुंद. म्हणजे हंगामात जिनिंगच्या हवेत जो तरंगत असतो, आपल्या भुवयांवर, खिडकीच्या जाळीवर, आबांच्या टोपीवर जो बसलेला असतो, त्यातला एकच तंतू कनेक्टरच्या टोकावर आडवा बसला तर उजेडाची पूर्ण वाट झाकू शकतो. मी तपासणीच्या छोट्या सूक्ष्मदर्शकातून हे पाहिलं आहे. राखाडी वर्तुळ, मधे गाभ्याचा बारीक ठिपका आणि त्यावर वळलेल्या फितीसारखा तंतू. उजेडाची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरवर उणे २९ डीबीएम दिसत होतं; उणे आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. अडीचशे मीटर काचेत तर ०.१ डीबीच्या आसपासच तूट यायला हवी. सिंगल मोडला १३१० नॅनोमीटरवर किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी जातात. कनेक्टर पुसला, पुन्हा लावला, आकडा उणे ११ वर आला. केबल उकरायची, नवीन टाकायची भाषा चालली होती, ती तिथेच थांबली.

पुसायचं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणाऱ्या कागदाने, किंवा कनेक्टर साफ करायच्या पेनाने. शर्टाच्या टोकाने नाही, आणि जिनिंगमध्ये हाताला सगळ्यात आधी येतो त्या कापसाने तर मुळीच नाही. पॅचकॉर्ड काढली की दोन्हीकडे टोपी घालायची. आणि टोकाकडे डोळा लावून 'उजेड येतोय का' बघायचं नाही; १३१० आणि १५५०चा उजेड डोळ्याला दिसत नाही, पण आत जातो. लाल लाईटचा पेन मिळतो, तो त्यासाठीच आहे.

एकाच काचेवर जाणं-येणं दोन्ही करणाऱ्या डब्या आता सगळीकडे झाल्या आहेत. त्यांची जोडी असते. एक १३१०वर पाठवते आणि १५५०वर ऐकते, दुसरी उलट. दोन्ही टोकांना सारखीच डबी लावली तर कुणीच कुणाचं ऐकत नाही. घेताना 'ए' आणि 'बी' बघून घ्या, इतकंच.

दिव्यांबद्दल मात्र सविस्तर सांगते. फायबर मधेच तुटलं, समजा गंजीसाठी चर काढताना जेसीबीचा दात लागला. कन्व्हर्टरचा फायबरचा दिवा विझतो. पण साध्या डबीत लॅनचा दिवा तसाच लागलेला राहतो, कारण डबी आणि स्विच यांच्यातली एक मीटर तार शाबूत आहे. हाफिसातल्या स्विचला वाटतं सगळं ठीक आहे. संगणकावर 'कनेक्टेड' दिसतं. मग माणूस सॉफ्टवेअरवाल्याला फोन करतो, तो विंडोज पुन्हा टाकायला सांगतो, आणि बाहेर गाड्या उभ्या. चांगल्या डबीत 'लिंक फॉल्ट पास थ्रू' नावाची सोय असते. एका बाजूचा दुवा तुटला की ती दुसऱ्या बाजूचा दुवाही मुद्दाम पाडते, म्हणजे तुटल्याची बातमी टोकापर्यंत पोचते. बऱ्याच डब्यांत ती तळाशी असलेल्या बारीक खटक्यांनी चालू करावी लागते. मी ती दोन्ही बाजूंना चालू करते आणि मालकांसमोर एकदा पॅचकॉर्ड उपटून दाखवते. हाफिसातला दिवा विझताना त्यांनी स्वतः पाहिलेला असला की पुढच्या वेळी फोनवर अर्धं निदान तेच सांगतात.

खांबावर डबी का नको, तेही याच ओघात. एक तर तिला वीज लागते. दोन टोकांना यूपीएस असून मधल्या खांबावर वीज गेली की जाळं दोन तुकडे. दुसरं, ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या वर जातो, आणि ती सावलीतली नोंद. उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत त्याहून किती तरी जास्त होतं. साध्या डब्यांची सोसायची हद्द बहुधा ४० ते ५० अंश असते. डबीच्या आधी तिचा अ‍ॅडॉप्टर जातो. आणि तिसरं, वीज पडणं. रोहिणी-मृगाच्या वादळात दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा फरक पडतो, आणि त्यांना जोडणारी तांब्याची तार असेल तर तो फरक तिच्यातून धावतो. काट्याचा बोर्ड, स्विच, संगणक, सगळं एका फटक्यात. काचेतून वीज धावत नाही. पण फायबर केबलला पुष्कळदा वरून पोलादी कवच किंवा आधाराची तार असते, तिकडे दुर्लक्ष झालं तर काचेचा फायदाच गेला. ती तार इमारतीच्या बाहेरच कापून थांबवायची किंवा नीट अर्थ करायची; मी शक्यतो धातू नसलेलीच केबल मागवते.

सध्या चोपड्याकडच्या एका जिनिंगचं काम हातात आहे. तिथे काट्यावर कॅमेरेही बसवायचे आहेत. तारेने कॅमेऱ्याला डेटासोबत वीजही मिळते, काचेतून ती मिळत नाही, म्हणून काट्याच्या केबिनमध्ये वीज देणारा छोटा स्विच आणि त्याच्यासाठी यूपीएस वेगळा धरला आहे. दोन कोअरच्या (काचेच्या धाग्यांच्या) जागी सहा कोअरची केबल सांगितली. जास्तीच्या कोअरचा खर्च चर खोदण्याच्या मजुरीपुढे किरकोळ आहे, आणि पुढे हॉलमधल्या ओलाव्याच्या मीटरलाही हाफिसाशी जोडायचं मालकांच्या मनात आहे. डबीसाठी केबिनमधलं लाकडी कपाट मिळालं, वरच्या खणात. तिथे ऊन येत नाही. कपाटाच्या दाराला बारीक जाळी मारायची आहे, हवा खेळेल आणि रुई आत जाणार नाही अशी, आणि ते गंज्या लागायच्या आत उरकायचं आहे.